पटाचा बैल आणि ग्रेहाउंड

बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला गाव विचारलं तर तालुक्याच्या आधी घाट येतो. तो घाटावरचा असतो किंवा घाटाखालचा. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा वर. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद खाली, पूर्णेच्या काळ्या जमिनीत. बोलण्याची ढब वेगळी, पीक वेगळं, लग्नाच्या पंगतीतली भाजीसुद्धा थोडी वेगळी. पण कापसाचा शेवटचा वेचा झाला, तूर घरात आली आणि हरभरा घाट्यावर आला की दोन्हीकडे चौकाचौकांत सारखेच फलक लागतात: शंकरपट. खाली बक्षिसांची यादी, आयोजकांचे गॉगल लावलेले फोटो आणि मधोमध शिंगं रंगवलेली एक जोडी.

ज्यांनी पट पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुणे जिल्ह्यातला बैलगाडा आणि आपला पट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्नर-आंबेगावकडे चढाच्या घाटावर चार बैल पळतात, पुढे घोडी असते, गाड्यावर माणूस नसतो. सांगली-साताऱ्याकडे आखलेल्या चाकोऱ्यांतून बऱ्याच गाड्या एकदम सुटतात आणि गट, सेमी, फायनल असा प्रवास करतात. विदर्भातल्या पटाला सपाट, सरळ धावपट्टी लागते. तिला दाण म्हणतात. हलका छकडा, एक जोडी, वर एक धुरकरी. पूर्वेला भंडारा-गोंदियाकडे दोन जोड्या शेजारशेजारच्या दाणीवर एकमेकींविरुद्ध सुटतात. आपल्या वऱ्हाडात बहुतेक ठिकाणी जोडी एकटीच सुटते आणि तिची लढत घड्याळाशी असते. पूर्वी पंचाच्या हातातल्या घड्याळावर भागायचं, आता सेकंदाचा शंभरावा भाग दाखवणारी यंत्रं आली. पंचाशी भांडणं मात्र यंत्र आल्यावरही कमी झालेली नाहीत.

धुरकरी हा या खेळातला अवघड माणूस. बसायला जागा नसते, उभं राहायला आधार नसतो. पायाखाली जू ओढणाऱ्या दोन जनावरांची ताकद आणि हातात कासरा. दोघांपैकी एक बैल नेहमी थोडा पुढचा असतो. त्याला आवरायचं, दुसऱ्याला उठवायचं आणि छकडा दाणीबाहेर जाऊ द्यायचा नाही, हे सगळं काही सेकंदांत. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट विदर्भभर नावाजलेला आहे तो त्याच्या जुनेपणासाठी, आणि तिथे बायकाही जोड्या हाकतात यासाठी. कृषक सुधार मंडळ तो भरवतं. संस्थेच्या नावातच शेती सुधारण्याचा हेतू आहे हे लक्षात ठेवावं, कारण पुढे न्यायालयात जो वाद झाला त्याचं मूळ याच दाव्यात आहे: पट हे चांगला बैल निपजवण्याचं साधन आहे.

हा दावा पोकळ नव्हता. रेल्वे येण्याआधी वऱ्हाडचा कापूस लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून मिर्झापूरपर्यंत जायचा. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि खामगावची बाजारपेठ फुगली. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खुद्द खामगावात येऊन जलंबपासूनच्या फाट्याच्या रेल्वेचं उद्घाटन करून गेला. पण रुळांपर्यंत गाठोडी आणायची ती बंडीनंच. ओझ्याला बंडी, माणसांना दमणी आणि रेंगी. ओझ्याचा बैल धिम्मा आणि टिकाऊ हवा, दमणीचा चपळ हवा. वर्धा-नागपूरकडच्या गवळाऊ जातीचं नाव याच चपळाईमुळे झालं. मराठ्यांच्या फौजेला जलद वाहतुकीसाठी हा बैल उपयोगी पडे. जो बैल पटात पळे तोच दुसऱ्या दिवशी वखराला असे, आणि लग्नाच्या वऱ्हाडात दमणीलाही. पटात नंबर काढलेल्या जोडीला बाजारात भाव यायचा, कारण घेणारा शेतकरी असायचा आणि त्याला त्या पायांचं काम वावरात दिसायचं.

आता थोडं लांब जाऊ या. १९२६ साली आयर्लंडमधल्या किली या खेड्यात एक ग्रेहाउंड पिल्लू जन्मलं. मालक मार्टिन ब्रॉफी नावाचा कॅथलिक पाद्री. पिल्लाचं नाव मिक द मिलर. त्याच वर्षी जुलैत मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर इंग्लंडात पहिल्यांदा अंडाकृती धावपट्टीवर, विजेवर पळणाऱ्या खोट्या सशामागे कुत्र्यांची शर्यत झाली. त्याआधीची इंग्रजांची कुत्र्यांची शर्यत म्हणजे उघड्या माळावर जिवंत ससा सोडायचा आणि दोन कुत्री मागे घालायची. त्यातला मोठा मान वॉटर्लू कपचा, १८३६ पासूनचा. १८६८, १८६९ आणि १८७१ असा तीनदा तो जिंकणारा मास्टर मॅकग्राही आयर्लंडचाच. पण ते जमीनदारांचं काम होतं. वीज, ससा आणि शहरातलं मैदान आल्यावर कारखान्यातला कामगार संध्याकाळी सुटल्यावर ट्रामनं जाऊन शर्यत पाहू लागला आणि पैसे लावू लागला.

मिक १९२९ साली लंडनच्या व्हाइट सिटी मैदानावर डर्बीसाठी उतरला. ग्रेहाउंड डर्बी तेव्हा जेमतेम दोन वर्षांची होती. पहिल्याच फेरीत त्यानं ५२५ यार्ड २९.८२ सेकंदांत कापले. हे अंतर तीस सेकंदांच्या आत कापणारा तो पहिला कुत्रा. पाद्रीबुवांनी तिथल्या तिथे तो ८०० गिनींना एका बुकीला विकला. अंतिम शर्यतीत कुत्री एकमेकांवर आदळली म्हणून ती रद्द करून पुन्हा घेतली आणि मिक जिंकला. पुढच्या वर्षी, मालक बदललेला असताना, डर्बी पुन्हा त्याचीच. सलग १९ विजय. १९३१ च्या डर्बीत तो पहिला आला, पण एका कुत्र्यानं दुसऱ्याला अडवल्याचं ठरून शर्यत पुन्हा पळवली गेली आणि दमलेला मिक त्यात मागे पडला. लोकांनी मैदान डोक्यावर घेतलं. त्याच वर्षी सेंट लेजर जिंकून तो निवृत्त झाला, एका चित्रपटात त्यानं कामही केलं, आणि १९३९ मध्ये मेल्यावर त्याच्या देहात पेंढा भरून तो लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयाकडे गेला. आज तो ट्रिंगच्या शाखेत काचेआड उभा आहे.

मिकची गोष्ट इतकी तपशिलात सांगता येते कारण तो पळत होता तिथे सट्टा होता. पैसा लागला की नोंद लागते. आई-बाप कोण, वजन किती, कुठल्या खोक्यातून सुटला, किती सेकंद, हे सगळं छापलं जायचं. कारण उद्या त्यावर कुणीतरी आठवड्याचा पगार लावणार होता. आपल्या पटात बक्षीस असे, पैजा चोरून लागत, पण छापील नोंद कधी झाली नाही. घाटाखालच्या कुठल्या जोडीनं कुठल्या साली कुणाला हरवलं, हे पारावर बसणाऱ्या चार म्हाताऱ्यांच्या तोंडी राहिलं. त्यामुळे आपल्याकडे सरकारी कागदावर पटाचा बैल पहिल्यांदा ठळकपणे आला तो आरोपी म्हणून नव्हे, तर फिर्यादी पक्षाचा जीव म्हणून.

या कागदाची सुरुवात गंमतशीर आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्याच्या २२ व्या कलमाखाली केंद्र सरकार ठरवतं की कोणते प्राणी खेळ दाखवण्यासाठी शिकवता येणार नाहीत. १९९१ च्या अधिसूचनेत अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि चक्क कुत्रा होता. सर्कसवाले न्यायालयात गेले. १९९८ साली नवी यादी निघाली, तीतून कुत्रा गेला आणि सिंह आला. मग ११ जुलै २०११ रोजी त्याच यादीत बैल घातला गेला. कुत्र्याला मोकळीक आणि बैल वाघ-सिंहाच्या पंगतीला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्र सरकारनं त्या अधिसूचनेच्या आधारे शर्यतींवर बंदी घातली आणि मार्च २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती योग्य ठरवली.

खरा घाव ७ मे २०१४ चा. न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि पिनाकी चंद्र घोष यांच्या पीठानं ए. नागराज खटल्यात निकाल दिला. वाद मुख्यतः तमिळनाडूच्या जल्लीकट्टूचा. त्यात गाडी नाही, धुरकरी नाही. गर्दीतून सोडलेल्या वळूच्या वशिंडाला पोरं लोंबकळतात. पण निकालाच्या कक्षेत महाराष्ट्राची बैलगाडी शर्यतही आली. बैलाचं शरीर घोड्यासारखं शर्यतीसाठी घडलेलं नाही, तो रवंथ करणारा, भिऊन पळणारा प्राणी आहे. त्याला पळवायचं म्हणजे वेदनेनं किंवा भीतीनंच पळवावं लागतं, असा या निकालाचा गाभा. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हे वाचून संताप आला. मला मात्र वाटतं, निकालातलं क्रौर्याचं वर्णन खोटं नव्हतं. हाकायच्या तुतारीच्या टोकाला आर असे, शेपटी पिरगाळणं आणि चावणं होतं, आणि अलीकडे तर बॅटरीचा झटका देणारे बहाद्दर निघाले होते. पटातल्या जुन्या माणसांना हे आवडत नव्हतं, पण आयोजकांनी ते थांबवलं नव्हतं. खेळाला शिस्त लावण्याचं काम घरच्यांनी केलं नाही म्हणून ते न्यायालयानं केलं, आणि न्यायालयाच्या हातातलं हत्यार बंदीचंच होतं.

बंदीपाठोपाठ दुसरी गोष्ट घडली, तिची चर्चा पटाच्या संदर्भात फारशी होत नाही. मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळूच्याही कत्तलीवर बंदी आली. म्हणजे दहा महिन्यांच्या आत बैलाच्या दोन किमती एकदम पुसल्या गेल्या. पळणाऱ्या बैलाला मिळणारा जास्तीचा भाव गेला आणि थकलेल्या बैलाला मिळणारा शेवटचा भावही गेला. त्याआधी, २००६ साली, ज्या सहा जिल्ह्यांसाठी शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधानांचं पॅकेज आलं होतं त्यांत बुलढाणा होता. त्या काळात विदर्भातल्या शेतकऱ्यांना अनुदानावर संकरित गायी वाटल्या गेल्या. कोरडवाहू वावरात त्यांना हिरवा चारा कुठून आणायचा हे कुणी सांगितलं नाही. आता घरच्या बैलाचाही हिशेब जुळेना. तोवर ट्रॅक्टर तासावर भाड्यानं मिळू लागला होता. २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांमध्ये महाराष्ट्रातलं गोवंशाचं पशुधन सुमारे दहा टक्क्यांनी घटून १ कोटी ३९ लाखांवर आलं. याला एकटी शर्यतबंदी जबाबदार आहे असं म्हणणं खोटेपणाचं होईल. पण बैल ठेवण्याचं एक कारण उरलं होतं, तेही काढून घेतलं गेलं, एवढं खरं.

त्यानंतरची सात वर्षं कागदांची आहेत. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रानं सवलत देणारी अधिसूचना काढली, पाचच दिवसांत सर्वोच्च न्यायालयानं ती रोखली. पुढच्या जानेवारीत चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर लाखो लोक बसून राहिले आणि तमिळनाडूनं आपला कायदा करून घेतला. ते पाहून महाराष्ट्राच्या विधानसभेनं एप्रिल २०१७ मध्ये दुरुस्ती विधेयक मंजूर केलं, जुलैत राष्ट्रपतींची संमती आली आणि ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयानं अडवलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये सगळी प्रकरणं घटनापीठाकडे गेली. तमिळनाडूत खेळ सुरू, कर्नाटकात कंबळा, म्हणजे रेड्यांची शर्यत, सुरू, आणि महाराष्ट्रात बंद. एकाच देशात जनावराची शरीररचना राज्यागणिक बदलते काय, असा प्रश्न मग कुणीही विचारणार.

या काळात पट थांबले नाहीत, लपले. रात्री निरोप फिरायचा, भल्या पहाटे कुठल्या तरी सरकारी ई-क्लास जमिनीवर जोड्या जमायच्या, आणि पोलिसांची गाडी दिसली की छकडे वावरांतून पांगायचे. लपून होणाऱ्या खेळात जनावराचा डॉक्टर नसतो, पाणी नसतं, बॅटरी लावणाऱ्याला हटकणारा पंचही नसतो. बंदीनं जे थांबवायचं होतं ते बंदीतच जास्त झालं असणार, असा माझा कयास आहे. राजकारण्यांना याचा वास लागायला वेळ लागला नाही. २० ऑगस्ट २०२१ रोजी सांगली जिल्ह्यात आटपाडी तालुक्यातल्या झरे भागात आमदार गोपीचंद पडळकर यांनी पोलिसांचा बंदोबस्त चुकवून पहाटेच शर्यत उरकून दाखवली. त्या सकाळी बैलांपेक्षा कॅमेरे जास्त पळाले.

१६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्राला सशर्त मुभा दिली. ४ जानेवारी २०२२ ला सांगलीच्या नांगोळ्यात पहिली परवानगीची शर्यत झाली. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले. निकाल न्यायमूर्ती अनिरुद्ध बोस यांनी लिहिला. नव्या कायद्यांमुळे जनावराच्या वेदना पुष्कळ कमी होतात, आणि एखादी गोष्ट संस्कृतीचा भाग आहे की नाही हे विधिमंडळानं ठरवावं, असा त्याचा सूर होता. नऊ वर्षांत न्यायालयानं केलेला हा मोठा वळसा.

आता पट भरवायचा तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, ५० हजार रुपयांची अनामत, प्रत्येक बैलाचा पशुवैद्यकाचा दाखला, चित्रीकरण, आणि धाव १,००० मीटरच्या आतली. काठी, चाबूक, तुतारी, बॅटरी सगळं बाद. धुरकऱ्यांमधले तरबेज सांगतात की आवाजावर पळणारा बैलच खरा. तो तयार करायला वर्ष-दोन वर्षं जातात. अशा बैलाला आता पारखी गिऱ्हाईक आहे. त्याला सरकीची ढेप तर घालतातच, पण वर उडीद, खारीक, दूध, अंडी आणि बदामही.

आणि इथेच गोष्ट बदलली. एप्रिल २०२३ मध्ये, घटनापीठाचा निकाल येण्याच्याही आधी, सांगली जिल्ह्यातल्या भाळवणीत डबल महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील यांनी 'रुस्तम-ए-हिंद' शर्यत भरवली. पहिलं बक्षीस थार गाडी. ती बकासुर आणि महिब्या या जोडीनं नेली. बकासुर हा महाराष्ट्राचा मिक द मिलर म्हणावा असा पहिला बैल. त्याचं नाव मालकाच्या नावाच्या पुढे जातं, टी-शर्टवर त्याचा फोटो असतो, गावच्या जत्रेत तो नुसता येणार असला तरी गर्दी होते, त्याच्या धावा मोबाइलवर पुन्हा पुन्हा पाहिल्या जातात. पारावरच्या म्हाताऱ्यांची स्मरणशक्ती आता यूट्यूबच्या ताब्यात गेली आहे. बुलढाण्यातला सातवीतला पोरगाही हजार कोसांवरच्या बैलाची सेकंदं सांगतो आणि शेजारच्या गावातल्या जोडीला नाव ठेवतो.

बकासुराला वखराला जुंपण्याची कल्पना कुणी करणार नाही. घाटावर काय किंवा घाटाखाली काय, ज्याच्याकडे आज पटाची जोडी आहे त्याच्या वावरात ट्रॅक्टर चालतो. जोडी पिकअपमधून पटाला जाते, पायाखाली गवताचा थर असतो, बरोबर दोन पोरं. मेहकर-लोणार-सिंदखेड राजावरून समृद्धी महामार्ग गेला आहे, त्यामुळे जोडीला लांबचे पट जवळ झाले. ज्या मंडळानं शेती सुधारायला पट भरवला त्याला हे अपेक्षित नव्हतं. आपला बैल, शंभर वर्षं उशिरा, ग्रेहाउंड झाला आहे: पळण्यासाठीच जन्मलेला, पळण्यासाठीच पोसलेला, आणि पळणं थांबलं की बिनकामाचा. 'पट नसेल तर देशी बैल संपेल' असं आपण न्यायालयात सांगितलं. ते मान्य झालं. पण जो वाचला तो शेतीचा बैल नाही.

ग्रेहाउंडचं पुढे काय झालं ते आपल्या आयोजकांनी एकदा वाचावं. २००६ साली इंग्लंडच्या उत्तरेत एका गावात उघड झालं की निवृत्त झालेली हजारो कुत्री एका माणसाकडे पैसे देऊन मारून घेतली जात होती. वॉटर्लू कप २००५ मध्ये शेवटचा झाला, कारण शिकारबंदीचा कायदा आला. अमेरिकेत फ्लोरिडाच्या मतदारांनी २०१८ मध्ये कौल दिला आणि २०२० संपता संपता तिथली मैदानं बंद पडली. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूझीलंडनं हा खेळच संपवण्याची घोषणा केली, तेव्हा सुमारे २,९०० कुत्र्यांना घरं शोधण्याचा प्रश्न समोर होता. तिथे कुत्रा सोफ्यावर झोपू शकतो, लोक तो हौसेनं घरी नेतात.

पळून थकलेला पाचशे किलोचा बैल कोण घरी नेणार? २०१५ च्या कायद्यानं खाटकाचं दार बंद आहे. गोशाळांकडे जागा नाही, आणि उन्हाळ्यात कडब्याचे भाव चढले की घाटाखालचा शेतकरी दुभत्या म्हशीला आधी पाहतो. जुन्या पटाच्या बैलाचं उत्तर सोपं होतं: पाय मंदावले की वखर, वखर जमेना तेव्हा म्हातारपणीची हलकी बंडी. आता तीन-चार हंगाम गाजवलेली जोडी दुसऱ्या वर्गातल्या पटाला विकली जाते, तिथून गावगटाला, तिथून आणखी लांबच्या बाजारात, आणि दरवेळी खारीक-बदाम थोडे कमी होतात. परवानगीच्या अर्जासोबत आता प्रत्येक बैलाचा दाखला जोडावा लागतोच. त्याच दाखल्यांवरून जिल्ह्यानं एक वही केली, कुठला बैल कुठल्या पटात पळाला आणि नंतर कुणाकडे गेला, तर काम फार मोठं नाही. लंडनच्या बुकींनी ते जुगारासाठी केलं होतं. खामगाव-चिखलीच्या मंडळांना ते त्याहून बऱ्या कारणासाठी करता येईल, आणि पुढच्या खटल्यात, जो कधी ना कधी उभा राहीलच, त्यांच्या हातात दाखवायला काहीतरी असेल.